चौथा पट्टा

नोकरीवर घेताना सरपोतदार साहेबांनी मला विचारलं होतं, "तू मासेमारांपैकीच ना? मग लोकांशी बोलणं वगैरे तूच बघ." मी "बघते" म्हटलं. आयतं माणूस मिळालं, असं त्यांना तेव्हा वाटलं असणार. पुढे त्यांना माझं तोंड बघणंही नकोसं झालं. त्याला वाळूचा एक पट्टा कारण झाला, आणि पट्ट्याहून जास्त माझी आई.

पुण्याच्या एका सल्लागार कंपनीची ही कुडाळची शाखा. भर बाजारात स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन संगणक, एक भलामोठा प्रिंटर आणि साहेबांची फिरती खुर्ची. काम होतं किनारपट्टीच्या पर्यटन आराखड्याचं. रस्ते कुठे, घरं कुठे, कुठली जागा कोणाच्या वापरात आहे आणि कुठली रिकामी आहे, हे सगळं संगणकाच्या नकाशावर बसवायचं आणि मग रिकाम्या जागेवर हॉटेल, बंगले, वाहनतळ दाखवायचे. नकाशाचं काम मी पुण्याला जाऊन शिकले होते. आमच्या खडपवाडीतून शिकायला बाहेर गेलेल्या मुली बऱ्याच आहेत, शिकून परत आलेली मी एकटी. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

खडपवाडी मालवणपासून जवळच. वाडीपुढे लांबच लांब वाळू आहे, तिचे चार पट्टे: खडपाकडचा, देवळाकडचा, क्रुसाकडचा आणि खाडीच्या तोंडाचा. रापणी मात्र तीनच. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते दर्यात गोल टाकून यायचं आणि मग दोन्ही बाजूंच्या दोऱ्या वाळूवर उभं राहून सगळ्यांनी मिळून ओढायच्या. कुठल्या पट्ट्यात मासळी चढते आणि कुठल्यात नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणून भांडण नको यासाठी दरवर्षी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की तिन्ही रापणींचे प्रमुख, म्हणजे तांडेल, देवळात बसतात आणि यंदा कोणाची पाळी कुठल्या पट्ट्यावर ते ठरवतात. चार पट्टे, तीन रापणी, म्हणजे एक पट्टा उरतो. तोही एकच राहत नाही. यंदा क्रुसाकडचा उरला तर पुढल्या वर्षी दुसराच कुठला तरी उरतो.

त्या उरलेल्या पट्ट्यावर माझ्या आईचा संसार चालला. वडील गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. रापणीत वाटा पुरुषाला. घरात पुरुष नसेल तर वाटा नाही, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटतही नाही. अशा घरांतल्या बायका मग उरलेल्या पट्ट्यावर जातात. दोघीदोघींनी मांडीभर पाण्यात लहान जाळं ओढायचं, मुडदुशे, पेडवे, सुंगटं जे येईल ते घ्यायचं, ओहोटीला वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायच्या, विकून उरेल ते तिथेच वाळूवर सुकत घालायचं. पौर्णिमेला पट्टा बदलला की पाट्या उचलायच्या आणि नव्या पट्ट्यावर जायचं. त्यांना कोणी या म्हणत नाही, कोणी जा म्हणत नाही. माझी पुण्याची फी तिथूनच गेली.

आता आराखड्यात किनाऱ्याचा वापर दाखवायचा म्हणजे रापण संघाची माहिती लागणार. संघाचे अध्यक्ष बाबलीकाका, वडिलांचे चुलतभाऊ आणि तिघांतले सगळ्यात मोठे तांडेल. संघाकडे स्वतःचा नकाशा होता, तोसुद्धा संगणकावर. तो केला प्लासिद मास्तरांनी. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी क्रुसाजवळच्या आपल्या घरात कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. सुट्टीत आले की मी त्यांना नकाशाचं काम शिकवायचे आणि ते मला दर वेळी दोदोल, नारळाच्या रसातली गुळाची मिठाई, खायला घालायचे. चार पट्टे आणि ज्यावर यंदा जी रापण तिचं नाव, एवढाच तो नकाशा. पाळी बदलली की मास्तर नावं बदलत.

पण ती फाईल कंपनीला द्यायला मास्तर तयार होईनात. पूर्वी कोणीतरी अभ्यासक वाडीची माहिती घेऊन गेले होते, आणि पुढे छापून आलेल्या नकाशात आमची वाडीच नव्हती. "एकदा दिली काय ती तेंची झाली," मास्तर म्हणाले. "मगे ते तिचा काय वाट्टात ता करतले."

तोड मीच काढली. फाईल देऊ नका, नुसती जोडू द्या. फाईल राहील मास्तरांच्या घरी त्यांच्या संगणकात, आणि इंटरनेटवरून आमचा कुडाळचा नकाशा ती जिथे आहे तिथेच वाचेल. बाबलीकाकांना हे काही केल्या समजेना, तेव्हा मी त्यांना आमच्या लहानपणीचा टीव्ही आठवायला सांगितला. वाडीत एकच टीव्ही होता, आम्ही पोरं खिडकीच्या गजांना धरून बाहेरून बघायचो. दिसायचं सगळं, पण बटण घरातल्यांच्या हातात. त्यांनी चित्र बदललं की आम्हालाही बदललेलंच दिसायचं. काकांना हे पटलं. साहेबांनाही पटलं, कारण मोजणीला माणसं पाठवायचा त्रास वाचला. "फुकट आणि कायम ताजी माहिती," ते म्हणाले आणि त्यांनी संघाला तसं मान्य केलं.

जोडणी झाली आणि कुडाळच्या माझ्या पडद्यावर आमची वाळू उमटली. तीन पट्ट्यांवर तीन रापणींची नावं आणि तीन रंग. चौथा, क्रुसाकडचा, पांढरा फटक. त्यावर नाव नव्हतं. त्याच क्षणी माझी आई त्या पांढऱ्या चौकटीत कमरेला पदर खोचून जाळं ओढत असणार, हे मला माहीत होतं. मला संताप आला.

शनिवारी मी बाबलीकाकांकडे गेले. ते पडवीत जाळं विणत बसले होते.

"काकानु, क्रुसाकडच्या पट्ट्यार नाव नाय," मी म्हटलं.

"यंदा तो कोणाचो नाय गो. नाव खंयचा घालूचा?"

"आई आसा थय. सीतामावशी आसा. यमुनाबाय आसा."

काका हसले. वाईट माणूस नव्हे, हसले ते खरंच गंमत वाटून. "अगो, ह्यो रापणीचो नकाशो. ती काय रापण आसा? उद्या कोण शिंपले येचीत म्हणान तेचा पण नाव घालूचा?"

मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, तुमच्याच घरात फाईल आहे, एक नाव घाला आणि मोकळे व्हा. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या कॉम्प्युटरात आसा म्हणान ती माझी होणा नाय, अक्षदा. संघान सांगाक होया. आज तुझ्या आवशीसाठी बदलली, तर उद्या तुझ्या साहेबासाठी पण बदलूक होयी." मला राग आला, आणि मास्तरांचं बरोबर होतं म्हणून तो जास्तच आला. मला स्वतःला तर काहीच करता येत नव्हतं. जोडलेली माहिती वाचता येते, तिच्यात अक्षरही बदलता येत नाही. ही अट मीच आग्रहाने घातली होती, आणि मालक सोडून सगळ्यांना ती लागू होती, मलासुद्धा.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सरपोतदार साहेबांनी किनाऱ्यावरच्या पर्यटन संकुलासाठी जागा शोधली. क्रुसापर्यंत डांबरी रस्ता येतो, आणि नकाशात पट्टा पांढरा. त्यांनी तिथे लाल चौकोन काढायला सांगितला. बांधकाम, कुंपण, आत छत्र्या आणि खुर्च्या.

"साहेब, ती जागा रिकामी नाही," मी म्हटलं. "तिथे बायका मासे धरतात. माझी आई धरते."

"संघाच्या माहितीत तसं आहे का?"

"नाही. पण पट्टे दरवर्षी फिरतात. पुढच्या वर्षी तिथे रापण असेल."

"पुढचं वर्ष पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली.

त्यांना वर्षभर थांबावं लागलं नाही. आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायची सुनावणी पुढे ढकलत ढकलत पावसाळ्यापलीकडे गेली आणि मध्ये २००९ची नारळी पौर्णिमा आली. देवळात बसून पाळ्या ठरल्या. क्रुसाकडचा पट्टा आला खुद्द बाबलीकाकांच्या रापणीला, आणि उरला देवळाकडचा. आईने नि सीतामावशीने पाट्या उचलल्या आणि त्या देवळासमोर गेल्या. मास्तरांनी आपल्या घरी बसून फाईल बदलली. दुसऱ्या दिवशी कुडाळला मी आराखडा उघडला, तर साहेबांच्या लाल चौकोनाखाली निळी वाळू आणि तिच्यावर काकांच्या रापणीचं नाव. पांढरा पट्टा शेजारी सरकलेला. मी खोटं सांगणार नाही, मला गुदगुल्या झाल्या. साहेबांना मी मुद्दाम हाक मारून बोलावलं.

"हे कोणी बदललं?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांचं आहे त्यांनी."

"पूर्ववत कर."

"होत नाही. आपल्याला फक्त वाचता येतं."

"मग कॉपी करून आपल्या फाईलीत घे. एकदा आपल्यात आली की रेघा कुठेही नेता येतात. मागच्या वर्षीसारखं करून ठेव."

"कॉपी घ्यायची नाही असं ठरलंय साहेब. तुम्हीच मान्य केलंय."

"अक्षदा, हे तांत्रिक काम आहे. भावनिक होऊ नकोस."

"मी करणार नाही," मी म्हटलं. "मागच्या वर्षीची वाळू यंदाची म्हणून दाखवायची, हे खोटं आहे आणि ते माझ्या हातून होणार नाही. तुम्ही करा."

ते करू शकणार नव्हते. साध्या प्रिंटसाठीसुद्धा ते मला हाक मारत. पुण्याहून दुसरं माणूस मागवायला वेळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला ती नोकरी हवी होती. मला ते काम आवडायचं. "सुनावणी होऊ दे, मग बोलू," एवढंच ते म्हणाले.

सुनावणी मालवणात एका सभागृहात होती. समोर प्रांत मॅडम, बाजूला त्यांचा कारकून, भिंतीवर मोठा पडदा. मी संगणकापाशी, इंटरनेटसाठी डेटा कार्ड लावून. ते कार्ड म्हणजे आजारी बैल, पण चालत होतं. पुढच्या खुर्च्यांवर तिन्ही तांडेल इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. आई, सीतामावशी आणि यमुनाबाई पाठीमागे दाराजवळ, बाजारातून थेट आलेल्या, रिकाम्या पाट्या पायाशी.

साहेबांनी आराखडा समजावला. लाल चौकोनाशी आले तेव्हा जरा भरभर बोलले. बाबलीकाका उठले आणि कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाले, "मॅडम, त्या लाल चौकोनात माझी रापण आहे. आज सकाळीच ओढली. नकाशातपण तसंच लिहिलेलं आहे, तुम्ही वाचा." मॅडमनी वाचलं. सभागृहात हशा पिकला. साहेब कागद चाळत राहिले.

मॅडम हुशार होत्या. त्यांनी पाळीची पद्धत काकांना विचारून घेतली, मास्तरांच्या घरच्या फाईलीचं मला विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रिकामा पट्टा दरवर्षी बदलतो. ठीक. पण एक पट्टा रिकामा असतोच?"

"असतो," काका म्हणाले.

"रापणी तीन आहेत. तीन पट्टे तुम्ही आपसात फिरवू शकता. मग चौथ्याची तुम्हाला गरज काय?"

साहेबांनी मान वर केली. बाबलीकाकांनी शेजारच्या महादू तांडेलाकडे बघितलं. महादूने खांदे उडवले. काका हळू आवाजात म्हणाले, "गरज अशी... तो कोणाचा नसतो, मॅडम."

"मगे मी इतकी वर्सां खंय होतंय?"

आई उभी राहिली होती. आवाज चढवलेला नव्हता, पण मासळी बाजारात उभं राहून कमावलेला आवाज तो, चढवावा लागत नाही. सगळं सभागृह मागे वळलं. ती मॅडमकडे बघत नव्हतीच, काकांकडे बघत होती.

"सांग माका, बाबली. घोव गेल्यार ह्या चेडवाक घेवन मी खंय उबी रवलंय? तुज्या आंगणात?"

"सुगंधा, हय नको," काका म्हणाले.

"हयच. थय देवळात पाळी घालतास तेवा आमका बसूक देणास नाय, मगे खंय सांगू?"

सीतामावशी उठली. यमुनाबाईंना गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला, पण त्याही उठल्या.

मॅडम घाटावरच्या, मालवणी त्यांना अर्धीच कळत असावी. "या बाई काय म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं. "ती म्हणते, जो पट्टा कोणाचा नाही म्हणतात त्यावर ती रोज असते. नवरा नसलेल्या, मुलगा नसलेल्या सगळ्या बायका असतात. पट्टा फिरतो तशा त्याही फिरतात. चौथा पट्टा गेला तर त्यांना उभं राहायला जागा नाही. मी तिथल्या मासळीवर शिकले आणि म्हणून इथे बसलेय."

"मॅडम, हे तोंडी आहे," सरपोतदार साहेब म्हणाले. "संघाच्या अधिकृत माहितीत पट्टा रिकामा आहे. समोर दिसतोय."

"दिसतोय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हे आधीच का नाही भरलंत?"

"मला भरता येत नाही, मॅडम. माहिती संघाची आहे. संघ सांगेल तरच बदलेल."

आता सगळे बाबलीकाकांकडे बघू लागले. महादू त्यांच्या कानाशी लागला. मी पुढेच बसले होते, मला ऐकू आलं. "नाव घातलंस काय सोपला. उद्या पाळयेत बसतली. आमच्याबरोबर पट्टो मागतली." काकांनी रुमालाने मान पुसली. त्यांना दोन्हीकडून चटका होता. कोणाचा नाही म्हणावं तर पट्टा जातो, बायकांचा म्हणावं तर देवळातली बैठक तिघांची राहत नाही. एवढं वय झालं, पण असा प्रश्न त्यांना कोणी घातला नसेल.

आई पाट्यांमधून वाट काढत पुढे आली. "कोणाचो नाय म्हण," ती म्हणाली. "म्हण मां. जावंदे हॉटेलवाल्याक. मगे आमी खंय येतलंव ठावक आसा? तुज्या पट्ट्यार. तुज्या रापणीच्या दोरीयेक लागान जाळा घालतलंव आणि तू उठ म्हटलंस तरी उठाचंव नाय. आज क्रुसाकडे, पुढल्या वर्सा खाडयेर. तू जाशीत थय."

"आणि पाळयेत बसतलंव," सीतामावशीने मागून जोडलं. "नाव घाल, नायतर घालू नको. बसतलंव."

काकांनी आईकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच, भर सुनावणीत, मास्तरांना फोन लावला.

"मास्तरानु, बाबली बोलतंय. चवथ्या पट्ट्यार नाव घाला." थोडं थांबून त्यांनी फोन कानापासून दूर धरला. "काय नाव, इचारतत. सुगंधाचा सांगू?"

"माझा एकटीचा नको," आई म्हणाली. "मी मेलंय काय तुमी पुसून टाकशात. बायलमाणसांचा घाल."

"बायलमाणसां," काकांनी फोनमध्ये सांगितलं. "होय, तसाच लिवा. संघ सांगता."

एवढ्यात सरपोतदार साहेब माझ्या खुर्चीपाशी आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "अक्षदा, आत्ताच्या आत्ता जोडणी तोड. आहे एवढंच राहू दे. ऐकतेस ना? तुझी नोकरी आहे ही."

मी ऐकलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, साहेब जोडणी तोडायला सांगतायत. तोडू?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "काय येतं ते बघू."

मी नकाशा पुन्हा वाचायला लावला. पडदा कोरा झाला. डेटा कार्डाने आपला वेळ घेतला. आधी खडपाकडचा पट्टा उमटला, मग खाडीचा, मग क्रुसाकडचा निळा. देवळाकडचा सगळ्यात शेवटी. या नव्या नावाला मी रंग ठरवून ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो ठार काळा आला आणि त्यावर मास्तरांनी टंकलेलं नाव. आईला वाचता येतं, पण सावकाश. तिने अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मग खाली बसली, जवळच्या पहिल्या रिकाम्या खुर्चीवर. ती खुर्ची तांडेलांच्या रांगेतली होती. कोणी तिला उठ म्हटलं नाही.

मॅडमनी कारकुनाला सांगितलं: चारही पट्टे वापरात, रिकामी जागा नाही, संकुल किनाऱ्यावर दाखवता येणार नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. बघू देत ज्यांना बघायचंय त्यांना.

बाहेर पायऱ्यांवर साहेबांनी मला गाठलं. "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं. "पण प्रिंटरचा कागद उलटा घालत जाऊ नका, अडकतो."

एवढं बोलण्याची खुमखुमी होती, बोलून घेतलं. घरी येताना मात्र बसमध्ये मला फार वाईट वाटलं. आई शेजारी बसली होती. तिला कळलेलं होतं.

दिवाळी झाल्यावर सरपोतदार साहेब खडपवाडीत आले, स्वतः. आराखडा मुंबईला पाठवायचा होता, आणि मॅडमच्या आदेशाप्रमाणे किनाऱ्याची माहिती त्यात असायलाच हवी होती. पण त्यांच्या नकाशात आमची वाळू दिसेना. संघाने मधल्या काळात फाईलीला कुलूप लावलं होतं. ज्यांची नावं आत आहेत त्या चौघांनी हो म्हटल्याशिवाय कोणाला जोडायची नाही, असा ठराव. तिन्ही तांडेलांनी हो म्हटलं होतं. प्लासिद मास्तरांनी साहेबांना दारातूनच वाट दाखवली: देवळाकडचा पट्टा, सुगंधाला विचारा.

मी तेव्हा मास्तरांच्या क्लासात शिकवू लागले होते. साहेबांबरोबर मी गेले, नाहीतर त्यांची भाषा तिला आणि तिची त्यांना कोण सांगणार. साहेबांचे बूट वाळूत रुतत होते, ते तसेच चालत होते. आई आणि सीतामावशी मांडीभर पाण्यात होत्या, जाळं अर्धं ओढून झालेलं. आईने आम्हाला बघितलं आणि ओढणं चालू ठेवलं. साहेब उन्हात उभे राहिले. जाळं वर आलं, सुंगटं पाटीत गेली, खेकडे सीतामावशीने निवडून परत दर्यात फेकले, तेव्हा कुठे आई पदराला हात पुसत आली.

"बाई, रोजची ही जोडणी वगैरे कटकट नको," साहेब म्हणाले. "एकदाच कॉपी द्या. आमच्याकडे सुरक्षित राहील."

"काय मागता ह्यो?" आईने मला विचारलं.

मी सांगितलं. फाईल आपल्याकडे घेऊन जायची म्हणतायत. जोडून नको, हातात हवी.

आईने साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला न्याहाळते तसं. मग पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"जोडून घे म्हणान सांग तेका," ती म्हणाली. "बघूक मिळतला. हात लावूक मिळूचा नाय."